दोन्ही वापरून पाहणारे वामनभाऊ

लग्नानंतर पहिल्यांदा वडशाला गेलो, तेव्हा वामनभाऊ मला भर बाजारात भेटले. डाव्या पायात कोल्हापुरी चप्पल, उजव्यात रबराची. मला वाटलं, घाईत निघाले असतील. तर म्हणाले, "महिना झाला, असंच हिंडून राह्यलो. कोन्ती बरी ते पाह्यचं आहे. दोन्ही वापरून पाहू ना बाप्पा, घाई कायची?"

वामनभाऊ माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, शांताबाईंचे यजमान. वडशात त्यांची राइस मिल आहे आणि या माणसाने आयुष्यात एकही वस्तू एकटी विकत घेतलेली नाही. बैठकीत दोन कंपन्यांचे दोन पंखे फिरतात. निकाल अजून लागायचा आहे. दाढा दुखल्या तेव्हा डावीकडची ब्रह्मपुरीच्या डॉक्टरला दाखवली, उजवीकडची गडचिरोलीच्या. मुलीसाठी दोन स्थळं आली, तर दोन्ही मुलांना एकाच दिवशी जेवायला बोलावून शेजारी-शेजारी बसवलं. ज्याने "त्यांच्या पानात भात संपला आहे" असं वाढणाऱ्याला सांगितलं, त्याला मुलगी दिली. जावई चांगला निघाला, हे मला कबूल करावं लागतं.

तर असे वामनभाऊ गेल्या वर्षी गाडी घ्यायला निघाले. साधीसुधी नाही. परदेशी बनावटीच्या दोन आलिशान गाड्या त्यांनी हेरल्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. दोन्हींचा वेग असा की विमानाने लाजावं. आणि घेणारा माणूस साठी उलटलेला, आपली जुनी जीप तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी न नेलेला. सगळं वडसा हसत होतं.

मला फोन आला. "साडभाऊ, तुमच्यावानी भाव पाडनारा मानूस दोन जिल्ह्यांत नाई. या एक दिवस."

ही स्तुती नव्हे, खरी गोष्ट आहे. मी गडचांदूरला सिमेंटच्या ट्रकांची पंक्चरं काढत वर आलो. आज जुने ट्रक घेतो आणि विकतो. समोरचा माणूस नाक कसं खाजवतो, यावरून तो किती उतरेल ते मला कळतं. तरी जावं की नाही, असा प्रश्न होताच. कारण शांताबाई. चंद्रपूरला मी घर बांधलं, वास्तूला त्या आल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही नाहीत. वामनभाऊ एकटे आले, तेही अक्षता पडून गेल्यावर. "मिलीत काम निघालं," म्हणाले. माझी बायको त्या दिवशी मांडवाच्या दाराकडे बघत राहिली, ते मी विसरलेलो नाही. पंक्चरवाल्याच्या दारात राइस मिलवाली कशी येणार, असा मी त्याचा अर्थ लावला होता. म्हटलं, जाऊ. भावही पाडू आणि दोन शब्दही ऐकवू.

मी पोचलो तेव्हा नागपूरहून दोन्ही गाड्या मिलीच्या अंगणात येऊन उभ्या होत्या. सोबत टाय लावलेले दोन विक्रेते. काळीवाला म्हणाला, "सर, चार सेकंदांत शून्यावरून शंभर!"

वामनभाऊंनी शांतपणे विचारलं, "अन् शंभरावरून शून्यावर किती हळू येते?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

मग त्यांनी दोन्ही गाड्यांची मागची दारं उघडून आत डोकं घातलं आणि सीटचा वास घेतला. धानाचा घेतात तसा, डोळे मिटून. त्यानंतर मुनीमजींना हाक मारली. मुनीमजी म्हणजे मिलीचे जुने हिशेबनीस. त्यांना आधी भरपेट पोहे खाऊ घातले आणि काळ्या गाडीत मागे बसवलं.

"यायले काऊन?" मी विचारलं.

"पाहा तं खरं," वामनभाऊ म्हणाले. "तुमी भाव करा, मी गाडी पाह्यतो."

गाडी ब्रह्मपुरीच्या रस्त्याला गेली आणि मी काळीवाल्याला घेऊन बसलो. मी उठून गेलो, परत आलो, चपला घातल्या, काढल्या. रंगाला नावं ठेवली, चाकांना नावं ठेवली. त्याने नाक खाजवलं. शेवटी त्याने साहेबांना फोन लावून जो भाव आणला, तो ऐकून माझेच डोळे भरून आले.

तेवढ्यात गाडी परतली. मुनीमजी उतरले, दोन पावलं नीट चालले आणि कोंड्याच्या ढिगामागे पळाले.

तासाभराने त्यांना पांढऱ्या गाडीत घातलं. पांढरीवाला एक पैसा कमी करायला तयार नव्हता, म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. गाडी परत आली. मुनीमजी उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चहा झाला का?"

"पांढरी," वामनभाऊ म्हणाले. "सांगितलेल्या भावात."

माझं डोकं फिरलं. दोन विक्रेत्यांसमोर माझी अब्रू गेली होती. साठलेलं सगळं बाहेर पडलं. "माह्या मेहनतीची किंमत नाई तुमाले! माह्या घराची तरी कुठी आहे? वास्तूले आल्या नाई, लग्नाले आल्या नाई. आमी पंक्चरवाले ना!"

विक्रेते अंगणात सटकले. वामनभाऊंनी मला खुर्चीवर बसवलं.

"लग्नाले निघाली होती ते," ते म्हणाले. "नवं लुगडं नेसून, जीपमध्ये. तिले गाडी लागते, साडभाऊ. थोडीथोडकी नाई. सिंदेवाहीपर्यंत आली अन् शुद्धच गेली. दवाखान्यात निजवलं, मुलीले बसवलं जवळ, अन् मी तसाच धावत आलो."

"मंग रेल्वेनं आनाचं!"

"वास्तूले आनत होतो ना. नागभीडलेच उतरली."

"सांगितलं काऊन नाई?"

"तिनं शपथ घातली. म्हने, शुभकार्यात माह्या ओकाऱ्यायची गोष्ट नोको. लहान बहीन तिकडं रडत बसंल." त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "आमचे मुनीमजी बसमध्ये पाय ठेवला की हिरवे होतात. म्हनून त्यायले बसवलं. तिले दोनदा कशी बसवू?"

मी बाहेर गेलो आणि पांढरीवाल्याला म्हणालो, "गाडी जपून दे रे बाबा." भावाचा विषय काढला नाही.

गाडी आली. पहिल्या रविवारी शांताबाई ब्रह्मपुरीपर्यंत आल्या, चहा घेतला आणि परत गेल्या. दुसऱ्या रविवारी नागभीड. सिंदेवाहीला दोन रविवार लागले. पहिल्यांदा दवाखान्याची पाटी दिसताच त्यांनी गाडी वळवायला लावली. प्रत्येक वेळी वामनभाऊंचा फोन. मग एका रविवारी सकाळी म्हणाले, "सिंदेवाहीच्या पुढं, मूलले आलो. खिचडी खाल्ली तिनं. पुढच्या रविवारी पाहू."

"तिथंच थांबा," मी म्हटलं.

मी बायकोला गाडीत घातलं आणि मूलला पोचलो. पांढरी गाडी रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी होती. माझी बायको मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दोघी बहिणी दीड तास बोलत राहिल्या. वामनभाऊ बाहेर उन्हात उभे होते. मी दार लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "धक्का लागंल."

मग काच खाली आली. शांताबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं घर इथून किती दूर आहे?"

पांढरी गाडी पुढे आणि मी मागे, असे आम्ही चंद्रपूरच्या जंगलातल्या रस्त्याला लागलो. वेग सायकलीचा. मागे ट्रकांची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवू लागले. विमानाला लाजवणारी ती गाडी वळणं अशी घेत होती, जशी कोणी झोपलेल्या पोराच्या अंगावरून गोधडी काढावी. ट्रकवाल्यांपैकी निम्म्यांना मीच ट्रक विकलेले. मी गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, मुंडी बाहेर काढली आणि ओरडलो, "हॉर्न बंद करा बे! समोर माह्या घरचं मानूस बसलं आहे!"