आधी बाबांच्या तारा

भित्रा माणूस सहसा वचन देत नाही. दिलंच, तर ते पाळावं लागणार नाही याची आधी खात्री करून घेतो. छकुलीच्या बाबांनी अशी खात्री करून घेतली होती, आणि तिथेच घात झाला.

छकुली पंधरा वर्षांची. (हे नाव घराबाहेर उच्चारायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे.) तिचे वरचे सुळे, गर्दीत जागा न मिळालेल्या माणसांसारखे, शेजारच्या दातांच्या खांद्यावरून डोकावत. शाळेत कोणीतरी त्यावर काहीतरी बोललं आणि तेव्हापासून पोरगी हसायची बंद झाली. फोटो काढायची वेळ आली की तिला नेमकी तहान लागायची. दातांना तारा बसवायच्या, असं आईने ठरवलं होतं. बसवून घ्यायच्या नाहीत, असं छकुलीने ठरवलं होतं. तिला दुखण्याची भीती वाटत होती. ही भीती तिने कोणाकडून घेतली, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना विषय पुन्हा निघाला.

"सगळे मलाच सांगा," छकुली म्हणाली. "बाबांचे खालचे दात बघा ना! पत्ते पिसून ठेवल्यासारखे आहेत. ते का नाही तारा लावत?"

"लावीन की!" बाबा म्हणाले. "तू लाव, मी पण लावतो."

"शब्द?"

"शब्द. तुझ्या आधी खुर्चीत बसतो, मग तर झालं?"

आईच्या हातातली पळी हवेतच थांबली. टूथपेस्टच्या जाहिरातीत किडकी दाढ दाखवली तर डोळे मिटून घेणारा हा माणूस! पण बाबा शांतपणे घास चावत होते. ते कचेरीत हेडक्लार्क होते, आणि लोकांचे अर्ज नाकारण्याचं काम त्यांनी उभी हयात इमानेइतबारे केलं होतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला वयाची अट असते, हे त्यांच्या नोकरीचं सार होतं. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या माणसाला दात सरळ करून मिळणं नियमात बसूच शकत नव्हतं. डॉक्टर म्हणणार, 'काका, तुमचं वय गेलं.' आपण चार माणसांत हळहळायचं. आणि पोरगी तोवर दवाखान्यापर्यंत पोचलेली असेल. मग काय, अर्धं काम झालंच.

दवाखान्यात पाऊल टाकताच लवंगेच्या तेलाचा वास आला आणि बाबा आईच्या मागे सरकले. बंद दाराआडून भुंगा डब्यात कोंडल्यासारखी घरघर येत होती. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. आत गेलेल्या रुग्णांपैकी परत मिळालं ते एवढंच, असं त्यांना वाटून गेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि अतिशय मऊ बोलत. बाबा आणखीच घाबरले. (कचेरीत बदलीची बातमी नेहमी मऊ आवाजातच सांगतात.) डॉक्टरबाईंनी छकुलीचे दात आरशाने पाहिले, एक्सरे काढला आणि जबड्यात जागा कमी पडल्याने सुळे बाहेर ढकलले गेलेत, असं समजावून सांगितलं.

"पण दात तर हाडात रुतलेले असतात. ते सरकतात कसे?" छकुलीने विचारलं.

"हळूहळू. दाताला सतत थोडासा दाब दिला की पुढचं हाड जागा देतं आणि मागे नवीन हाड भरत जातं. घाई करून चालत नाही. दोनेक वर्षं धर. आणि नंतरही प्लेट वापरावी लागते, नाहीतर दात परत जुन्या जागी जायला बघतात."

बाबांना क्षणभर आपुलकी वाटली. एवढ्या सावकाश तर त्यांच्या कचेरीत फाइलसुद्धा सरकत नसे.

"आता बाबांचे बघा," छकुली म्हणाली.

बाबा ऐटीत हसले. "माझे काय बघायचे? पन्नाशी उलटली. मी वयात बसत नसणार."

"वयाची अट नसते हो काका. हिरड्या आणि हाड धड असलं की झालं. गेल्याच महिन्यात एका निवृत्त आजोबांना बसवल्या मी."

बाबांनी गालावर हात ठेवला. "पण माझ्या हिरड्या फार नाजूक आहेत हो. आमच्या घराण्यातच आहे ते."

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "छे! ठणठणीत आहेत. विशीतल्या पोराला लाजवतील."

बाबांच्या देहाच्या कुठल्याही भागाची अशी स्तुती आजवर कोणी केली नव्हती. झाली तीही नको तिथे! आता एकच हत्यार उरलं होतं : शंका काढणे. कचेरीत त्यांनी याच हत्याराने भलेभले अर्ज लोळवले होते.

"धातूच्या तारा फार दिसतात," ते म्हणाले.

"तार ज्यात अडकवतात ती बटणं दाताच्या रंगाचीही मिळतात."

"ती फुटत असतील."

"जपावं लागतं खरं. मग दातांच्या मागून बसवू. बाहेरून कळतसुद्धा नाही."

"जिभेला टोचतील."

"सुरुवातीला टोचतात, बोलणंही थोडं बोबडं होतं. ते नको असेल तर पारदर्शक साचे आहेत. जेवताना काढायचे, बाकी दिवसभर आठवणीने घालायचे."

"आठवणीने?" आई मध्येच म्हणाली. "कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात हे! ते साचे कचऱ्यात जातील."

"मग धातूच्याच," डॉक्टर समाधानाने म्हणाल्या. "छान झालं. काकांनी सगळे पर्याय तपासून निवड केली. इतका विचार करून कोणी येत नाही."

कचेरीत एवढ्या शंकांवर प्रकरण वर्षानुवर्षं घोरत पडलं असतं. इथे चहा निवण्याच्या आत निकाल लागला.

"आणि... नाहीच लावल्या तर?" बाबांचा आवाज पार खोल गेला होता.

"तर काही नाही. दाटीत घाण अडकते, म्हणून रोज जपून साफ करावं लागेल, एवढंच. सक्ती थोडीच आहे?"

सक्ती नाही! बाबांना डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले. सुटलेल्या कैद्यासारखे ते वळले, तर समोर छकुली. ती रागावली नव्हती. ती फक्त आपली पिशवी खांद्याला लावत होती.

"चल आई," ती म्हणाली. "मला माहीतच होतं."

"कधी बसवता?" खोलीत कोणीतरी मोठ्याने म्हणालं. तो आवाज आपलाच आहे, हे कळायला बाबांना थोडा वेळ लागला.

बसवायच्या दिवसापर्यंत बाबांना जिकडेतिकडे पकडीच दिसत होत्या. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे बघूनसुद्धा ते वाट बदलत. जेवण जाईना. "तोंड चालेनासं व्हायच्या आधी खाऊन घ्या की," आई म्हणाली आणि उरलीसुरली भूकही गेली.

तो दिवस उजाडलाच. खुर्ची मागे कलली, पाय वर गेले, डोळ्यांवर दिवा आला. गाल ताणून धरायला तोंडात प्लास्टिकची चौकट बसवली, तेव्हा बाबांचा चेहरा टपालपेटीसारखा दिसू लागला.

"दुखलं तर हात वर करा हं, काका."

बाबांनी ताबडतोब दोन्ही हात वर केले.

"अजून सुरुवात नाही केली."

हात खाली आले. मग काहीतरी गार दाताला लागलं आणि बाबांनी अशी किंकाळी फोडली, की बाहेर बसलेले एक गृहस्थ 'पुन्हा कधीतरी येतो' म्हणून उठून गेले. त्यानंतर बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागितली. (साहेबांचीसुद्धा. यावरून प्रसंगाची कल्पना यावी.) डोळे उघडले तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत होत्या.

"झालं काका. बसल्या तारा."

बाबा बाहेर आले ते छाती काढून. "काही नाही गं!" मिटत नसलेल्या ओठांनी ते म्हणाले. "मुंगीसुद्धा चावत नाही."

छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती उठली आणि आत गेली. दार बंद झालं.

आता मात्र बाबांची खरी पाचावर धारण बसली. स्वतःसाठी वाटलेली भीती निदान ओरडून बाहेर काढता आली होती. ही काढायची कुठून? दाराला कान लावून ते उभे राहिले. आतून हूं नाही की चूं नाही. पोरीची शुद्ध तर हरपली नसेल? उगाच गळ घातली बिचारीला. वाकडे असते दात तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. दार उघडलं. छकुली पोट धरून हसत बाहेर आली, वरखाली सगळ्या तारा चमकवत.

"दुखलं का गं?" बाबांनी घाईने विचारलं.

"मुळीच नाही! तुम्ही एवढे ओरडलात ना, की मी मरायच्याच तयारीने बसले होते. म्हटलं, आता होईल, मग होईल. आणि काहीच झालं नाही! मग डॉक्टरांनी सांगितलं, बाबा... तुम्ही कापसाच्या बोळ्याला ओरडलात!"

आई हसली, डॉक्टरबाई हसल्या, वाट बघणारे रुग्णही हसले. बाबा मात्र पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी ते असं सताड उघडं दिसत होतं. यासाठी आणखी एका बोळ्याला ओरडायला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि पुढची तारीख विचारायला ते रुबाबात टेबलापाशी गेले.

टेबलामागच्या, तारखा देणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे बघत छकुलीला हाक मारली.

"अगं, इकडे ये जरा. पुढच्या महिन्यात दोघांची वेळ एकत्रच ठेवलीय. यांना तूच घेऊन ये हं. एकटं पाठवू नकोस, यायचे नाहीत."