शंभर पावसाळ्यांचा दगड

धामणकर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा हिने त्यांच्या हातात लिंबाचं सरबत दिलं. त्यांनी एक घोट घेतला, मग त्यात बोट बुडवून एक थेंब जमिनीवर सोडला आणि नाडी बघणाऱ्या वैद्याचा चेहरा करून वाट बघत बसले. थोड्या वेळाने रुमालाने थेंब पुसला. घरमालकाच्या लाडक्या संगमरवरावर एक निस्तेज डाग उठला होता.

"बघितलंत? खाल्ला!" धामणकर समाधानाने म्हणाले. "लिंबाला भितो तो काय दगड? बर्फी आहे बर्फी!"

शास्त्री नगरातलं ते घर सोडेपर्यंत त्या जागेवर आमचं पायपुसणं होतं.

जयपुरात राहून संगमरवराला बर्फी म्हणणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्शाला नावं ठेवणं. पण धामणकर लष्कराच्या बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते आणि मेजर-कर्नलांना तोंडावर "तुमची भिंत वाकडी आहे" असं सांगून त्यांची भीड साफ चेपली होती. नोकरीत कधीतरी एका छावणीतल्या जुन्या कब्रस्तानाची देखभाल त्यांच्याकडे आली. तिथे गोऱ्या साहेबांची संगमरवरी स्मारकं होती. देवदूतांची नाकं पावसाने खाल्लेली, नावं पुसलेली.

"इतक्या पदव्या खोदल्या होत्या," ते सांगत, "आता कर्नल कुठला आणि त्याचा खानसामा कुठला, ओळखून दाखवा!"

तेव्हापासून त्यांनी ग्रॅनाइटची दीक्षा घेतली. कोणाला कबरीसाठी दगड हवा असला की धामणकर स्वतः जाऊन निवडत, ट्रकवर चढवून आणत, आणि वर चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पीत. सकाळी संध्या करणारा माणूस दिवसभर ख्रिस्ती कबरींचे दगड वाजवत फिरतो, हे कॉलनीतल्या मराठी मंडळाला पचत नव्हतं. गणेशोत्सवात त्यांना सजावटीपासून लांब ठेवत. त्यांच्या मते थर्मोकोलचं मखर हा भ्रष्टाचार होता.

त्यांचं माप एकच: शंभर पावसाळे. कपाट, जावई, सरकार, सगळं याच मापाने. जयपुरात शंभर पावसाळे मोजायला दोनशे वर्षं लागतील, असं मी एकदा म्हणालो. "तुम्ही विमावाले," ते म्हणाले, "तुमचा सगळा धंदा माणूस मरेपर्यंतचा. माझा त्यानंतर सुरू होतो."

घरातला पोळपाटही ग्रॅनाइटचा होता. धामणकरवहिनी म्हणत, "सगळ्यांकडे पोळपाट उचलून ओट्यावर आणतात. आमच्याकडे तो जागेवर असतो, मी त्याच्याकडे जाते."

त्या वर्षी साळव्यांची बायको साराबाई गेली. साळवे लष्करी इस्पितळातले निवृत्त कंपाउंडर, मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. मूलबाळ नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात मृतांचा स्मरणदिन असतो. कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी बायकोच्या कबरीवर नुसता मातीचा ढीग नको, एवढीच साळव्यांची इच्छा होती. धामणकरांनी पावसाळ्यापासून दगड बघायला घेतले आणि एकेक नापास करत ऑक्टोबर संपत आणला. कोणात लोखंडाचा डाग, कोणाचा आवाज बद्द. साळवे रोज संध्याकाळी यायचे आणि न विचारता बसायचे. शेवटी धामणकर ग्रॅनाइटच्या खाणी बघायला जालोरला गेले. तिथून ट्रंककॉल आला: "सापडला. घंटेसारखा वाजतो!"

ट्रक विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात यायचा होता, कारण अक्षरं तिथे खोदायची होती. मी आणि साळवे जाऊन थांबलो. ट्रक आला तेव्हा धामणकर मागे, दगडाशेजारी, पोत्यावर बसलेले. केस, मिशा धुळीने एका रंगाच्या. ग्रॅनाइटची फरशी आडवी ठेवली तर खड्ड्यात स्वतःच्याच वजनाने मोडते, म्हणून ती लाकडी घोडीला टेकवून, टायरच्या तुकड्यांवर उभी आणतात. ड्रायव्हर वैतागला होता.

"बाबूजी, पत्थर है, दुल्हन नहीं!"

"दुल्हन उतरके चलेगी, भैया. ये नहीं चलेगा. उभा रखो, उभा!"

मारवाडीतही उभं म्हणजे उभंच, म्हणून निभावलं.

फरशी उतरली. धामणकरांनी तिच्यावर पाणी ओतलं. हा त्यांचा शेवटचा पेपर. पाणी वाळत गेलं आणि एका टोकाजवळ केसाएवढी रेघ तेवढी ओली राहिली. चीर. जालोरला त्यांनी पाणी मारलं होतं, पण तारीख जवळ आली म्हणून पुरतं वाळू दिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने घाई केली होती.

"नापास," ते म्हणाले.

"साहेब, चालेल हो," साळवे म्हणाले. "शंभर पावसाळे कोणाला बघायचेत? मी येतोय तोवर टिकला की झालं."

"आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर कोण येणार तिथे?"

"कोणी नाही. म्हणून तर दगड पक्का पाहिजे, साळवे!" धामणकर एकदम ओरडले. मग घोडीला टेकले. "आमच्यात तान्हं मूल जाळत नाहीत, पुरतात. वर काही ठेवत नाहीत. बदलीच्या गावी नदीकाठी ठेवून आलो मुलीला. दहा-बारा वर्षांनी आम्ही दोघं परत गेलो. हिने सगळा काठ पालथा घातला. जागा सापडली नाही."

ड्रायव्हरने उगाचच टायरला लाथ मारून बघितली. साळव्यांनी बोटाने त्या रेघेच्या अलीकडे एक आडवी खूण केली. "इथून कापा. उरलेला वाजवून बघा. बायको माझी बुटकीच होती."

फरशी कापली. मोठा तुकडा खणखणीत वाजला.

स्मरणदिनाच्या संध्याकाळी आम्ही कब्रस्तानात गेलो. धामणकरवहिनीही आल्या होत्या. साराबाईंचा दगड बसला होता, काळाभोर, नाव स्वच्छ. त्याच्या शेजारी कापून उरलेला तुकडा मातीत नीट दाबून बसवला होता. त्यावर काही खोदलेलं नव्हतं.

"नाव विचारणार होतो," साळवे म्हणाले.

"बारसं झालंच नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"तुकडा चिरलेला आहे," धामणकर पुटपुटले.

"मी राखतो त्याला," साळवे म्हणाले आणि त्यांनी त्यावर एक मेणबत्ती लावली. वारा होता. धामणकर गुडघे मोडून खाली बसले आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा करून, ती मेणबत्ती पार संपेपर्यंत, तसेच बसून राहिले.