दगडावरचे सासरे आणि पहिला दिवा

तुम्हाला म्हणून सांगतो, वीज तयार करणं अगदी सोपं असतं! पाणी पडतं, चाक फिरतं, चाक डायनामो फिरवतं, दिवा लागतो. बस्स! एवढ्या भरवशावर मी ओढ्याकाठची बंद पाणचक्की राहायला घेतली. विजेची तार तिथवर यायला अजून दोन वर्षं होती. सात महिने कंदिलाच्या काचा पुसून बायको वैतागली आणि तिने वडिलांना बोलावून घेतलं. सासरे म्हणजे चाळीस वर्षं कारखान्यात फिटर. सोबत मेहुणाही आला.

"रविवारी दुपारपर्यंत दिवा लागला नाही, तर मी बाबांबरोबर चालले," बायको बॅग भरत म्हणाली.

"लागणार म्हणजे लागणार!"

शनिवारभर कंबर कसून चाकाच्या कुजक्या फळ्या बदलल्या. चक्कीच्या खोलीत खिडकीपाशी जुन्या ट्रकचा डायनामो बसवला, पट्टा चढवला, छताला एक दिवा टांगला. रविवारी सकाळी मेहुण्याला वर, पाणी अडवणाऱ्या फळीपाशी उभं केलं.

"मी एक हात हलवला की फळी उचल."

"आणि बंद करायची तर, दाजी?"

"दोन्ही हात हलवीन!"

मी खिडकीतून हात हलवला. चाक दाढ दुखणाऱ्या म्हशीसारखं कण्हलं आणि फिरू लागलं! तेवढ्यात मागून आरोळी आली.

"जावईबापू! खिडकी पळतेय!"

चक्कीचा दगड चाकापासून सोडवायचाच राहिला होता! आणि खोलीतली सपाट जागा तेवढीच म्हणून सासरे त्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते.

"खिडकी नाही बाबा, तुम्ही पळताय!"

"अहो, थांबवा ना!" बायको धावली. पहिल्या फेरीत तिच्या हाती चष्मा आला, दुसरीत वर्तमानपत्र, तिसरीत डावी चप्पल.

मी दोन्ही हात उचलणार, तोच डायनामोची बैठक उखडली! ती सोडली असती तर सगळं ओढ्यात. एका हाताने ती दाबून धरली, उरलेला हात जिवाच्या आकांताने हलवला. मेहुण्याने इमानेइतबारे फळी आणखी वीतभर उचलली!

सासरे आता पंख्यासारखे दिसू लागले. पण मी बैठक सोडली नाही. आणि लागला की हो दिवा! पांढराशुभ्र!

शेवटी बायकोनेच खिडकीतून दोन्ही हात हलवले. दगड मंदावला. सासरे वर बघत म्हणाले, "तीन दिवे कशाला लावलेत?"

"एकच आहे, बाबा."

दगड थांबला, दिवा विझला. सासरे खुर्ची धरून उतरले, डायनामोपाशी वाकले आणि बैठक, पट्टा, तारा एकेक चाचपून पाहिल्या.

"बॅग आत ठेव गं," ते लेकीला म्हणाले. "विचार बरोबर आहे याचा. हात तेवढे चुकीचे लागलेत."

सोमवारपासून काम झपाट्याने चाललंय. सासरे जोडणी बघतात, मेहुणा पट्टे ओढतो, दिवे कुठे टांगायचे ते बायको ठरवते. मलाही कामातून वगळलेलं नाही बरं का! सासऱ्यांनी स्वतः नेमून दिलंय: लांब उभं राहायचं.