पश्चिमसमुद्रीच्या हरितबेटी चौथा आग्रह जाहला, त्याची हकीकत

श्रीसमुद्रपरिवेष्टित हरितबेट, जेथे गाईंस दूध बहुत, आभाळास पाणी बहुत आणि माणसांस बोलणे बहुत, त्याचे हे त्रिविध ऐश्वर्य अखंड राहो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मासी वर्तमान जाहले ऐसे जे, शाल्मलीबाई चांदोरकर, मूळ वस्ती कोल्हापूर, इतिहास घेऊन एम. ए. जाहलेल्या, कडेवर तान्ही मिहिका, यजमान हृषीकेशपंत यांसमागमे त्या बेटाच्या पश्चिम किनारी उतरल्या. पंत तेथील एका मातबर कंपनीत यंत्रगणकाचे चाकरीस. घरमालक मार्टिनराव, गाईंचे धनी, यांनी किल्ली हाती देतेसमयी बाईंस सावध केले जे, "आमच्या मुलखी कोणी काही देऊ केले तर दोनदा नको म्हणावे, तो शिष्टाचार. तिसऱ्यांदा हो म्हणावे. तिसऱ्यांदाही नको म्हटलेत तर तेच खरे धरितो, आणि मग कोणी विचारत नाही. एवढे ध्यानी असो द्या." बाईंनी मान डोलविली आणि मनी हसल्या. ज्या गावी पाचदा नको म्हटल्यावाचून पानावरचा हात काढीत नाहीत, आणि सहाव्यांदा वाढपी वाटी उपडीच करितो, तेथील लेकीस हे गवळी आग्रहाचे शास्त्र काय शिकविणार, ऐसे म्हणोन ती गोष्ट त्यांनी कानाआड केली.

मग दिवस चालिले. बाईंचा स्वभाव काळजीचा. पोर शिंकली तर थंडी का, न शिंकली तर इतकी गप्प का, ऐसा जीव टांगणीस. म्हणोन खिडकीशी बसावे आणि कुल गाव न्याहाळावे. गल्लीपलीकडे निळ्या दाराचे घर, तेथे ब्रीडाबाई, वृद्ध, एकट्या, जिभेने तिखट. त्या बाईंस चहास बोलावीत आणि मुलखाची पूर्वपीठिका सांगत, ती ऐसी: आधी येथे साधू होते, दगडी खोपटांत बसोन कातड्यावर पोथ्या लिहीत; मग उत्तरेकडून गलबतांतून लुटारू आले, त्यांनी लुटता लुटता बंदरे वसविली; मग शेजारच्या बेटाचे राजे आले, ते जे बसले ते शतकानुशतके उठेनात. जमीन त्यांची, घाम यांचा, आणि येथील बोली मागे सरत सरत समुद्रकाठी येऊन टेकली. गरिबाचे पोटास बटाटा तेवढा राहिला, आणि त्या बटाट्यास रोग पडोन शेतेच्या शेते काळी जाहली, आणि माणसे वाटेवर पडत असता बंदरांतून धान्याची गलबते भरोन बाहेर जातच राहिली. लाखो मेले, लाखो समुद्रापार गेले. "माझी आजी म्हणे, तेव्हापासून आम्ही नको म्हणायला शिकलो," ब्रीडाबाई म्हणाल्या. "ज्याच्या घरी जायचे त्याच्या हंडीत काय आहे, कोणास ठाऊक. म्हणून त्याने तीनदा विचारायचे. खरेच असेल तर तो तिसऱ्यांदा विचारील."

मग बंड जाहले, स्वराज्य आले, तरी पोट भरेना. घरोघरची पोरे परमुलखी विटा वाहण्यास जात. मग कारभाऱ्यांनी कंपन्यांवरील कर हलके ठेविले, आणि मोठमोठ्या कंपन्या औषधांचे आणि यंत्रगणकांचे कारखाने घेऊन उतरल्या, आणि मुलूख असा सुखवस्तू जाहला की घरभाडे ऐकोन गाईने वासरू विसरावे. "पूर्वी आम्ही आमची पोरे धाडीत होतो, आता तुमची मागवितो," ब्रीडाबाई म्हणाल्या. "चला, बोलायला माणूस तर मिळाले." परंतु लोणी तेच, सारंगी तीच, आणि वाकड्या काठ्या घेऊन चेंडूमागे धावणेही तेच, ज्यात दात गेला तर मान वाढतो. रिमझिम पावसास तेथे मऊ दिवस म्हणतात. दलदलीची माती विटांसारखी कापावी, पाऊस उघडेल तेव्हा वाळवावी, आणि सबंध हिवाळा चुलीत जाळावी, हे काम गावाने मिळून करावे. पैसा घेणारा तेथे वेडा ठरतो.

ऐसे असता पौष मासी हृषीकेशपंत कंपनीचे कामास राजधानीस गेले, आणि मार्टिनराव सकाळीच दारी आले. "हवा जरा हलणार आहे," म्हणाले. छपरे उडतात त्यास त्या मुलखी हवा हलणे म्हणतात. "पोरीस घेऊन आमच्याकडे चला." बाई म्हणाल्या, "नको, उगा तुम्हांस त्रास." ते म्हणाले, "त्रास कसला, खोली मोकळी आहे." बाई म्हणाल्या, "नको हो, सगळे आहे माझ्यापाशी." ते म्हणाले, "म्हणजे येत नाही?" बाई म्हणाल्या, "नाही हो, खरेच नको." मार्टिनरावांनी टोपीस हात लाविला आणि फिरले. बाई उंबऱ्यावर उभ्या, आता चौथ्यांदा विचारतील आणि आपण हो म्हणू, म्हणोन दुपटे काखोटीस घेऊन तयार. ते ब्रीडाबाईंचे फाटकाशी थांबले. तेथेही म्हातारीने मान तीनदा हलविली, यांनी टोपीस हात लाविला, आणि गाडी गेली. मग बाईंस गवळ्याचे शास्त्र आठवले, परंतु आठवोन उपयोग काय.

दोन प्रहरी वारा सुटला तो समुद्रच अंगावर आल्यासारखा. कौले उडाली, वीज गेली, विजेची शेगडी थंड पडली, फोन मुका जाहला. बाईंनी पोर पोटाशी धरिली आणि खिडकीतून पाहिले, तो ब्रीडाबाईंचे धुराड्यास धूर नाही. म्हातारी वीज असो नसो, चूल विझू देत नसे. आता पोरीस न्यावे तर हा वारा, ठेवोन जावे तर जीव राहात नाही, आणि न जावे तर पलीकडे ती एकली. बाई अर्धी घटका नुसत्या दार ते खिडकी चालिल्या. मग वाऱ्याने दम घेतला, तोच त्यांनी सुती साडीने मिहिकेस छातीशी करकचून बांधिले, वर पंतांचा कोट चढविला, आणि दगडी कुंपणास अंग घासत गल्ली ओलांडिली.

"ब्रीडाबाई, माझ्याकडे चला," दार वाजवोन म्हणाल्या. आतून आवाज आला, "नको ग, मी ठीक आहे." "चूल विझली का?" "विझली तर पेटवीन. तू जा." "मी आत येऊन पेटविते." "नको म्हटले ना. पोरीस घेऊन घरी जा." येथे तीन नकार पुरे जाहले. त्या बेटाचा कोणीही थोर माणूस असता तरी टोपीस हात लावोन परतला असता. परंतु शाल्मलीबाईंचे अंगी कोल्हापूर संचरले. "बरे, मग चहा तरी घ्याल?" म्हणाल्या, आणि लागलीच पुढे, "नाही घेतलात तर मी इथेच उंबऱ्यावर बसते, आणि ही पोरगी रडायला लागली की वाऱ्यास ऐकू जाईल." तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, "दार लोटलेलेच आहे. मलाच उठवत नाही."

आत पाहातात तो म्हातारी चुलीपुढे जमिनीवर, पाय मुरगळोन सुजलेला, हात बर्फासारखे. बाईंनी त्यांस घोंगड्यात गुंडाळिले, पोर त्यांचे कुशीत दिली, दोघींस एकमेकींची ऊब, आणि आपण चुलीस लागल्या. "पेटवितेस की पुरतेस?" म्हातारी म्हणाली. "खाली वारा ठेव. विटा उभ्या लाव. इतिहास शिकविला, चूल शिकविली नाही होय तुझ्या कॉलेजात?" बाई डोळे पुसत म्हणाल्या, "शिकविणारी आज भेटली." मग चूल पेटली, किटली गायला लागली, मिहिकेने म्हातारीचे नाक धरिले, आणि बाहेर हवा हलत होती ती हलो.

वारा उतरताच मार्टिनराव धावत आले आणि दारातच थिजले. "तिने तीनदा नको म्हटले होते," म्हणाले. "मीही," बाई म्हणाल्या. "मग तुम्ही चौथ्यांदा कसे विचारलेत?" "आमच्याकडे तिथून सुरुवात होते." तेव्हा म्हातारी ऐसी हसली की पाय दुखोन कण्हली, आणि कण्हता कण्हता पुन्हा हसली. मग वैद्य आले, पाय बांधिला, शेजारी पाव आणि लोणी घेऊन लोटले, बाईंनी त्या लोण्याचे तूप कढवोन कढईभर शिरा केला, कोणी सारंगी काढिली, कोणी गाईच्या आजाराचे रसभरित वर्णन केले, आणि गावाचे खलबत होऊन ठरले जे, हवा हलणार असेल त्या दिवशी तीनवर थांबू नये, हिंदुस्थानी पद्धतीने विचारावे. मार्टिनरावांनी लागलीच आजमावोन बाईंस पाचदा शिरा वाढिला.

एवंच, हरितबेटाने भूक पाहिली, परराज्य पाहिले, लेकरांचा वियोग पाहिला आणि लक्ष्मीही पाहिली. परंतु दाराशी उभे राहोन आणीक एकदा विचारणे हे त्या पौषात शिकले. पुढे चैत्री पंतांची बदली राजधानीस जाहली. ब्रीडाबाई फोनवर विचारिता "मी ठीक" म्हणतात, त्याने शाल्मलीबाईंचे समाधान होत नाही. सबब वाचणारास त्यांची विनंती जे, आपणांपैकी कोणी त्या किनारी गेलात तर निळ्या दाराशी अवश्य जावे. त्या नको म्हणतील. आपण आत जाऊन बसावे.