क्रँकीचा दांडा

"आज एक शब्द असा शिकवतो," आरशासमोर भांग पाडत सर म्हणाले, "की माणसं मरेपर्यंत विसरणार नाहीत."

"कुठला?" बायकोनं विचारलं.

"क्रँकी. म्हणजे चिडका, किरकिरा. ज्याला चिडायला कारण लागत नाही असा."

बायकोच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. "अहो, आज जागेच्या मालकीणबाई वर्ग बघायला येणार आहेत ना?"

"म्हणूनच तर."

"त्यांच्यासमोर किरकिरेपणाचा धडा?"

"शास्त्र आहे ते. शास्त्राला कोणी रागवत नाही."

बायकोनं इस्त्री पुन्हा शर्टावर टेकवली आणि जरा जास्तच जोरात दाबली.

सर दिवसा औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहत आणि संध्याकाळी दोन गल्ल्या सोडून इंग्रजी बोलायचा वर्ग घेत. इंग्रजी ते स्वतःच शिकले होते, औषधांच्या पाकिटातले घडीचे कागद वाचून. त्यामुळे इरिटेशन म्हणजे कातडीला सुटणारी खाज, असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. मग कळलं की ते मनालाही होतं आणि त्यावर मलम मिळत नाही. तुम्हाला याचं हसू येत असेल तर खुशाल हसा. मोठमोठ्या कॉलेजांत शिकलेल्या एकानं तरी तो कागद शेवटपर्यंत वाचलाय का, ते आधी सांगा.

वर्गाची जागा म्हणजे एक बंद पडलेलं दुकान. मालकीणबाई तिथे येत त्या दारातूनच दोन-चार जणांना झापायला. चपला वाकड्या का काढल्या, उजेड असताना दिवा का जळतोय, फळा भिंतीला का घासतोय. सगळे चटकन उभे राहत, हो हो म्हणत आणि बाई गेल्या की खाली बसत. गेल्या आठवड्यात एक सलूनवाला येऊन भिंती मापून गेला होता. आरसे कुठे लावायचे तेसुद्धा ठरवून गेला. आता वर्ग ठेवायचा की सलून, हे बाई आज ठरवणार होत्या. जागा गेली की वर्ग जाणार, आणि वर्ग गेला की सर पुन्हा दिवसभर नुसतेच "ओ, जरा ती खोकल्याची बाटली" होणार. वर्गात मात्र त्यांना सगळे सर म्हणत.

मालकीणबाई आल्या, पण आत येईनात. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. मी इथूनच बघते."

वर्गात तिघं होते. ड्युटीवर जाण्याआधी येणाऱ्या नर्सताई, टेलरमास्तर, आणि मराठी न कळणाऱ्या नातवाशी बोलता यावं म्हणून येणारे आजोबा.

सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, अर्थ सांगितला आणि जाहीर केलं, "या शब्दाचं पहिलं वाक्य जो करेल, त्याचं वाक्य आठवडाभर फळ्यावर राहील. पुसायचं नाही. माझा शब्द."

कोणी तोंड उघडेना. वाक्य तिघांनाही येत होतं. तिघांचं एकच होतं. पण ज्यांच्याबद्दल होतं त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. टेलरमास्तरांनी वही उघडली, मिटली. आजोबांना खोकला आला.

"बरं, वाक्य नंतर," सर म्हणाले. त्यांना वाटलं, अर्थ नीट डोक्यात शिरलेला नाही. "आधी शब्दाचं मूळ बघू. क्रँक म्हणजे वाकडा दांडा. फिरवायचा. हा असा."

आणि त्यांनी शटरच्या दांड्यावर हात ठेवला.

ते शटर आतून एक वाकडा दांडा फिरवून वर-खाली करायचं. आतले दाते झिजलेले. म्हणून शटर वर गेलं की दांडा भिंतीतल्या कडीला दोरीनं करकचून बांधायचा, नाहीतर शटर खाली येतं. रात्रीही ते वरच असायचं, आत चोरण्यासारखं काही नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. पण शिकवायला लागलेल्या माणसाला आपल्याला काय माहीत आहे याची शुद्ध कुठे असते?

"सर, दोरी..." नर्सताई म्हणाल्या.

"प्रश्न शेवटी विचारा." सरांनी दोरी सोडली, दांड्याचा बोल्ट उपसला आणि दांडा तलवारीसारखा उंच धरला. "बघा! हा क्रँक!"

मालकीणबाई चपळाईनं आत आल्या नसत्या तर त्यांची निम्मी साडी आत आणि निम्मी रस्त्यावर राहिली असती. शटर आभाळ कोसळावं तसं खाली आलं. बोल्ट सरांच्या हातातून उडाला, टणटण करत निघाला आणि शटर टेकायच्या आत शहाण्या माणसासारखा बाहेर निघून गेला.

बोल्ट नाही म्हणजे दांडा बसत नाही. दांडा बसत नाही म्हणजे शटर हलत नाही. बाहेरून उचलायला त्याला कडीही नव्हती. एका कोपऱ्यात पत्रा वाकलेला होता, तिथून दोन बोटं उजेड येत होता. पंखा होता, पण तोही सरांच्या वळणाचा. आवाज फार, वारा कमी.

"दोरी कोणी सोडली?" मालकीणबाईंनी विचारलं. सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं, तरी विचारलं.

सरांनी बायकोला फोन लावला. "शटर पडलंय. बोल्ट बाहेर आहे. ये."

"दांड्याला हात लावलात ना?"

"ते महत्त्वाचं नाही. ये."

मग एकेकाला शब्दाचा अर्थ कळायला लागला. टेलरमास्तर म्हणाले, उद्या नवरदेवाचा कोट द्यायचाय, अजून बाह्या लावल्या नाहीत, तो काय दंड उघडे टाकून लग्नाला उभा राहणार? नर्सताई म्हणाल्या, बाह्या कसल्या, तिकडे दिवसपाळीची नर्स माझ्यासाठी खोळंबलीय, ती मला फाडून खाईल. आजोबा कोणाकडेच न बघता म्हणाले, "मला जरा जाऊन यायला लागेल." कुठे, ते कोणी विचारलं नाही.

"शांत राहा!" सर ओरडले. "चिडायचं काय आहे त्यात? मी चिडलोय का?"

एकट्या मालकीणबाई शांत होत्या. नर्सताईंनी त्यांना खुर्ची दिली. बाई बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवले आणि इतका मोठा श्वास सोडला की आजोबा क्षणभर आपली अडचण विसरले.

"या दुकानात मला आजवर कोणी बस म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी दिसले की सगळे उभे. मग मीही उभी. आणि उभं राहिलं की हे गुडघे माझ्या तोंडून बोलतात."

टेलरमास्तरांनी आपल्या पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी घोट घेतला आणि सरांना विचारलं, "वाकड्या दांड्याचं काय म्हणत होतात?"

"माणूस सरळ बोलेनासा होतो ना, तो क्रँकी."

"म्हणजे वाकड्यात शिरलेला. मग यात इंग्रजांनी नवीन काय केलं?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या फटीत चार बोटं दिसली. बायको आली होती.

"अहो, बोल्ट सापडला. ढकलू?"

"मग काय पूजा करतेस त्याची? ढकल. तिकडे नाही, इकडे. अगं इकडे म्हणजे माझ्या इकडे! तुला दिशा कळत नाही का? मास्तर, उजेडातून बाजूला व्हा. नर्सताई, हसू नका. आजोबा, थोडं दाबून धरा. हा पंखा कोणी बंद करेल का?"

बोल्ट आत आला. सरांनी तो आधी उलटा घातला, मग सुलटा, मग टेलरमास्तरांवर खेकसत पुन्हा उलटा. शेवटी दांडा बसला आणि शटर कण्हत वर गेलं. पहिले आजोबा गेले. त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं गेले.

सर घामानं निथळत उभे होते. आता मालकीणबाई निकाल देणार होत्या.

त्यांनी आधी दोरी उचलली, दांड्याला स्वतः गाठ मारली, ओढून बघितली. "सलूनवाल्याला मी नाही म्हणून कळवते. पण या दोरीला पुन्हा हात लावायचा नाही. आणि ही खुर्ची पुढच्या रांगेत हवी. मी रोज येणार."

सरांना भरून आलं. "बाई, तुम्ही..."

"थांबा. वाक्य राहिलंय ना?" बाईंनी एक-एक शब्द जुळवला. "सर इज क्रँकी."

टेलरमास्तरांनी टाळी वाजवली. वाक्यात एकही चूक नव्हती. सरांनी शब्द दिलेला होता, तेव्हा खडू घेऊन ते वाक्य फळ्यावर त्यांनाच लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली. फळ्याकडे बघत म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

"काही नाही. हवामान."

पुढच्या रांगेतून मालकीणबाईंनी अर्थ सांगितला.

बायकोनं डबा टेबलावर ठेवला. "एवढं कळायला वर्ग लावावा लागतो होय?" ती म्हणाली आणि घरी गेली.