देवरावांचे कढीगोळे

यवतमाळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजमागच्या गल्लीत घराघरांवर ‘रूम खाली आहे’च्या पाट्या लोंबतात. देवरावांच्या घरावर ती वेळ कधी आली नाही, कारण खाली त्यांच्या बायकोची, कौसल्याबाईंची मेस होती. अठरा वर्षं बारा-बारा पोरी तिथे जेवल्या. मार्चमध्ये कौसल्याबाई गेल्या आणि पोरी एकेक करत पांगल्या. वरच्या खोलीत दोघीच उरल्या, झरी जामणीची पायल आणि ढाणकीची मोनाली.

शनिवारी पायल खाली येऊन ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

“काका, आमी उद्या रूम सोडून राह्यलो. बाबा म्हणतात, काकू नाहीत आता. एकट्या माणसाच्या घरी...”

“बरोबरच म्हणतात,” देवराव म्हणाले. (एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेल्या माणसाला वाईट वाटलेलं दाखवता येत नाही.) मग कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, “जेवून जा पण. कढीगोळे करतो.”

देवरावांनी जन्मात एकदाच चहा केला होता. कौसल्याबाईंनी तो गुपचूप मोरीत ओतला होता.

रविवारी सकाळी त्यांनी डाळ वाटली, गोळे वळले, उकळत्या कढीत सोडले. गोळे विरघळले. कढीचा चिखल झाला. त्यांनी ताक ओतलं, पातळ झाली. बेसन घातलं, पातेलं भरलं. मोठं पातेलं घेतलं. दर वेळी चव बिघडली असेल म्हणून तिखटही टाकलं. शेवटी मेसमधला बारा जणांच्या स्वयंपाकाचा गंज चुलीवर चढला, तेव्हा त्यांनी वणीला मोठ्या मेव्हणीला फोन लावला. तिच्या दारावरूनच कोळशाचे ट्रक खडखडत जातात.

“विमलताई, गोळे फुटून राह्यले!”

“डोळे? डोळे फुटले?”

“गोळे! कढीतले!”

“कढी डोळ्यात गेली? भाऊजी, दवाखान्यात जा ना! फोन कायले करता?”

देवरावांनी फोन ठेवला.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. पायलनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. देवराव पुढे सरकले.

“रडू नको, पोरी. मलेही तिची लय आठवण येते.”

“काका,” पायल कशीबशी म्हणाली, “पाणी!”

त्यांनी पाणी दिलं. मग स्वतः एक घास घेतला आणि तेही रडले. मार्चपासून पहिल्यांदाच, माणसांसमोर, हुंदके देऊन. (तिखटाचा आडोसा होता, म्हणून जमलं.) पोरी आधी गांगरल्या. मग मोनालीनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तिघंही बराच वेळ तशीच नाकं ओढत बसली.

दारात ऑटो आला, बॅगा चढल्या. मोनाली मात्र परत आत आली. बुद्धमूर्तीशेजारच्या कौसल्याबाईंच्या फोटोसमोर हात जोडून पुटपुटली, “काकू, माफ करा.”

देवराव गहिवरले. “माफी कायची, पोरी? घर तं कधी ना कधी सोडाच लागते.”

“तसं नाही, काका,” मोनाली ओशाळून म्हणाली. “आमी दोन वर्षं काकूच्या कढीले नावं ठेवली. ती किती चांगली होती, ते आज समजलं.”