पायाळूचा पाय

रविवारी सकाळी भिकन शेवाळे आपल्या ओट्यावर एका पायावर उभा होता आणि त्याच्यापुढे सावळीराम आव्हाड भिंतीला दोन्ही हात टेकून, पाठ करून उभा होता. सावळीरामच्या पाठीत उसण भरली होती आणि भिकन त्याला लाथ मारणार होता. नाशिकच्या सिडकोतल्या पाचव्या स्कीममध्ये या दृश्याचं कोणालाच नवल नव्हतं. शेजारच्या सविताताई तर ते बघत बघत दारात रांगोळी काढत होत्या.

भिकन पायाळू होता. म्हणजे बाकीची पोरं जन्माला येताना डोकं पुढे करतात, याने पाय पुढे केला होता. अशा माणसाने पाठीत लाथ घातली की उसण जाते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याचे नियमही ठरलेले होते. अनशापोटी यायचं, तीन लाथा खायच्या, आणि तिसरी लाथ बसेपर्यंत मारणाऱ्याने आणि खाणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. मध्येच कोणी बोललं किंवा थांबलं, तर ती उसण उलटून मारणाऱ्याच्याच पाठीत शिरते, असं भिकनच्या आईने त्याला लहानपणीच बजावून ठेवलं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात भिकन स्टोअरमध्ये मदतनीस होता. तिथे इतकी वर्षं नट-बोल्ट काढून देऊनही साहेबाला त्याचं नाव पाठ झालं नव्हतं. साहेब त्याला ‘ए स्टोअर’ म्हणायचा. घरी मुलं त्याला विचारत नसत आणि बायको ललिता विचारायची ते फक्त ‘दळण आणलं का’ एवढंच. पण रविवारी सकाळी मोठमोठी माणसं त्याच्यासमोर पाठ करून मुकाट उभी राहत. एकदा तर प्रत्यक्ष नगरसेवक उभा राहिला होता. देवाने या माणसाला बाकी सगळं देताना हात आखडता घेतला होता, पण पाय मात्र दिला होता. भिकन त्या पायाला जपायचा. उजव्या पायाची चप्पल तो घेताना दोनदा वाकवून बघायचा.

सावळीराम पाथर्डी फाट्यावरचा ट्रान्सपोर्टवाला. देह ट्रकसारखाच. त्या मानाने लाथही जरा दणकट हवी, असा विचार करून भिकनने पाय मागे नेला आणि हाणला.

पाय पाठीवर बसलाच नाही. तो कशावर तरी ठाणकन आदळला आणि भिकनच्या डोळ्यांपुढे भरदिवसा काजवे चमकले. झालं होतं असं, की सावळीरामने आदल्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरला दाखवून कमरेचा पट्टा घेतला होता. त्या पट्ट्याला मागच्या बाजूने पोलादाच्या पट्ट्या होत्या. डॉक्टरही नाराज व्हायला नको आणि पायाळूही नाराज व्हायला नको, म्हणून सावळीराम तो पट्टा शर्टाच्या आत बांधूनच आला होता. आणि बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे त्याने ते सांगितलंही नव्हतं.

भिकनला किंचाळायचं होतं. पण किंचाळलं तर उसण आपल्याच पाठीत येणार. थांबलं तरी येणार. डोळ्यांतून पाणी गळत असताना त्याने दुसरी लाथ मारली. ती पट्टीच्या कडेवरून घसरली, पाऊल आत वळलं आणि घोट्यातून स्पष्ट ‘कट्’ असा आवाज आला. तिसरी लाथ त्याने कशी मारली हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. ती मारून तो ओट्यावर बसला, ते बसलाच.

सावळीराम मात्र ताडकन सरळ झाला होता. त्याचा चेहरा फुलला होता.

“गेली! आयला, गेली भाऊ उसण! कट् वाजलं, ऐकलं ना तुम्ही? सविताताई, तुम्ही ऐकलं का?”

“मला इथपर्यंत ऐकू आलं,” सविताताई रांगोळीचा डबा बंद करत म्हणाल्या.

“असा आवाज काढणारा माणूस नाशकात दुसरा नाय! काय पाय आहे!” असं म्हणून सावळीरामने वाकून त्याच पायाला हात लावून नमस्कार केला. तेव्हा नियम संपलेला असल्यामुळे भिकन किंचाळला. तो आनंदाने ओरडला असं सावळीरामला वाटलं.

दुपारपर्यंत घोटा वांग्यासारखा झाला. ललिताने आंबेहळद आणि तुरटी उगाळून कडकडीत लेप दिला, वरून विटेचा शेक दिला. मग घोटा आणखी फुगला, म्हणून तिने तो तेल लावून चोळला. भिकन उशी दाताखाली धरून पडला होता. त्याला दुखण्यापेक्षा दुसरीच धास्ती होती.

“कोणाला सांगू नको,” तो म्हणाला. “पायाळूचा पाय मुरगळला हे कळलं तर लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. आधी उद्या डॉक्टरकडे चला. माझ्या चोळण्यानं तुमचा पाय आता दुसऱ्याचा दिसायला लागलाय.”

हाडांच्या डॉक्टरांनी तो हळदीने पिवळाधमक झालेला पाय दोन बोटांनी उचलला.

“कशानं झालं?”

“मुरगळला,” भिकन म्हणाला.

“लाथ मारताना,” ललिता म्हणाली.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. “कोणाला मारत होतात?”

“पेशंटला,” भिकन पुटपुटला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सगळी हकिकत ऐकताना त्यांच्या मिशा दोनदा हलल्या, पण ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी घोट्याचा एक्स-रे काढून घेतला. हाड मोडलं नव्हतं. “हाडाला हाड बांधून ठेवणारे दोर असतात, लिगामेंट म्हणतात त्यांना. तुमच्या घोट्याचा बाहेरचा दोर ताणला गेलाय, थोडा उसवलाय. त्यावर तुम्ही शेकलंत, चोळलंत, म्हणजे जिथे आधीच आतून रक्त उतरतंय तिथे त्याला आणखी बोलावणं धाडलंत. आता चोळणं बंद, शेक बंद. बर्फ लावा. हा पट्टा गुंडाळा. झोपून राहा आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवा. सूज उतरली की व्यायाम देतो. दोर पुन्हा विणला जातो, पण त्याला निवांतपणा लागतो.”

“आणि लाथ?” भिकनने विचारलं.

“तूर्तास अहिंसा,” डॉक्टर म्हणाले.

घरी फ्रीज नव्हता. ललिता किराणा दुकानातून मुलं चोखतात त्या नारंगी बर्फाच्या कांड्या घेऊन आली आणि त्या घोट्याभोवती बांधल्या. त्यातल्या दोन फुटल्या आणि पायाला मुंग्या लागल्या. भिकन छताकडे बघत होता. छत घरातलंच असल्यामुळे तेही त्याला काही विचारत नव्हतं.

तिकडे सावळीरामने आपलं काम चोख केलं होतं. पाथर्डी फाट्यापासून त्रिमूर्ती चौकापर्यंत बातमी पोचली होती, की भिकनभाऊ आता नुसती लाथ मारत नाहीत, हाड वाजवून देतात. आठवडाभरात ओट्यावर माणसं मावेनात. ललिताने आधी ‘ते गावाला गेलेत’ म्हणून सांगितलं, पण कॉट खिडकीशीच होती आणि उशांवर चढवलेला पाय रस्त्यावरून दिसत होता.

“भाऊंचं व्रत आहे,” ती मग म्हणाली. “पाय खाली टेकवायचा नाही असं.”

हे तिने सुचेल ते सांगितलं होतं, पण लोकांचा भाविकपणा त्यामुळे दुप्पट झाला. एक म्हातारे पोस्टमास्तर आत आले, म्हणाले, “मग टेकवू नका ना. आम्ही येतो पायापाशी.” आणि उलटे चालत चालत येऊन त्यांनी आपली पाठ भिकनच्या उंच ठेवलेल्या पायावर हळूच आपटली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटली. तोंडातून अक्षर काढलं नाही. भिकननेही काढलं नाही. नियम तो नियम.

“वा!” म्हणून पोस्टमास्तर ताठ चालत निघून गेले. त्यांच्यामागे दारात दुसरी पाठ हजर होती.

मग रोजच पाठी येऊ लागल्या. जाड पाठी, हडकुळ्या पाठी, घामट पाठी. कॉटच्या पायथ्याशी त्या उलट्या चालत येत आणि गाडी मागे घेताना भिंतीला लागावी तशा त्या घोट्यावर येऊन धडकत. प्रत्येक धडकेला भिकनच्या मस्तकात कळ जाई. पण नाही म्हणवत नव्हतं. एक दिवस कारखान्याचा साहेब आला. उलटा आला, आपटला, आणि जाताना म्हणाला, “थँक यू, शेवाळे.” भिकनला रडू आलं. ते दुखण्याचं की सुखाचं, हे ललिताला कळेना.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा सोडला, तर सूज तशीच होती.

“तुम्ही झोपून होतात ना?”

“झोपूनच होतो, देवाशपथ.”

“रोज धडका खात होते,” ललिता म्हणाली, आणि तिने सगळं सांगून टाकलं.

या वेळी डॉक्टरांच्या मिशा हलल्या नाहीत. “शेवाळे, नीट ऐका. हा दोर असाच उसवत राहिला तर घोटा कायमचा ढिला पडेल. मग रस्त्यात खडा आला तरी पाय मुरगळेल. पाय हवाय का पायाची कीर्ती, ते एकदा ठरवा.”

परतताना रिक्षात भिकन विचार करत होता. पायाशिवाय तो कोण होता? नट-बोल्ट काढून देणारा एक माणूस. आणि लाथ मारता येत नाही असा पाय तरी काय कामाचा, तो तर सगळ्यांनाच असतो. त्याला खरोखर वाटलं, की आपण जन्माला आलो तसे उलट्या पायी परत गेलो तर बरं.

ललिताने मात्र ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर उभी राहिली आणि जमलेल्या सगळ्या पाठींना तिने खणखणीत आवाजात सांगितलं, “गावाहून सासूबाईंचा निरोप आलाय. पायाळू हे नव्हेत. पायाळू यांचा थोरला भाऊ होता, मंगळू. लहानपणीच वारला. नावांचा घोळ झाला. हे डोक्यानंच आलेत.”

मंगळू नावाचा कोणी भाऊ भिकनला कधीच नव्हता. आतून त्याने तोंड उघडलं, पण ओटा तोवर रिकामा झाला होता.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना ललितालाही नव्हती. गेलेल्या उसणी सगळ्यांच्या पाठीत परत आल्या. पोस्टमास्तर संध्याकाळी काठी घेऊन हिंडताना दिसले. साहेबाने कारखान्यात पुन्हा ‘ए स्टोअर’ सुरू केलं. सावळीराम तर दारात येऊन भांडला.

“मग तो कट् आवाज कशाचा होता?”

“माझ्या घोट्याचा,” भिकन म्हणाला.

“म्हणजे माझी उसण गेलीच नव्हती?”

“तुला तर बरं वाटलं होतं ना?”

“तेव्हा वाटलं होतं. आता फसवल्यासारखं दुखतंय,” असं म्हणून सावळीराम कमरेवर हात ठेवून लंगडत गेला.

घोटा मात्र बरा होत गेला. त्याला कोणी हात लावत नव्हतं, पाठ लावत नव्हतं. भिकन टॉवेल पावलात अडकवून ओढायचा, टाचा उचलायचा, भिंतीला धरून पायऱ्या चढायचा. डॉक्टरांनी शेवटी पाय सगळ्या दिशांना फिरवून बघितला आणि ‘उत्तम’ म्हणाले. असा उत्तम पाय घेऊन भिकन रविवारी ओट्यावर बसायचा आणि सविताताई त्याच्याकडे न बघता रांगोळी काढायच्या.

सटाण्याकडून आई आली तेव्हा तो असाच बसला होता. धोंडाबाईंनी कांद्याची गोणी ओट्यावर टेकवली आणि लेकाचं तोंड निरखलं.

“तुना पाय बरा शे ना आते?”

“पाय बरा आहे, आई. बाकी सगळं गेलं.” त्याने सगळी कहाणी सांगितली. मग तिचा हात धरला. “तू गल्लीत एकदा सांग ना, मीच पायाळू आहे म्हणून. तुझं ऐकतील. तुलाच तर ठाऊक.”

धोंडाबाईंनी हात सोडवून घेतला.

“ललिता खरंच बोलनी रे. तू पायाळू नव्हता.”

भिकनला ऐकलेलं पटेना. “मग मंगळू होता?”

“कोन मंगळू? कोनी मंगळू नव्हता. तू डोक्यानंच उना. लहानपनी तू काडीसारखा व्हता, बोलता येत नव्हतं धड. तुले कोनी घरमा बलावत नव्हतं, खेळाले घेत नव्हतं. दारात बशीसन रडे. म्हनीसन मी सांगी दिधं, मना पोऱ्या पायाळू शे. मंग समदा गाव तुले बलावाले लागना.”

भिकन आपल्या पायाकडे बघत राहिला. इतकी वर्षं मारलेल्या लाथा त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्या सगळ्या नुसत्याच लाथा होत्या. माणसाने आणखी किती उघडं पडावं, असं त्याला झालं.

एवढ्यात गोणी उचलायला वाकलेल्या धोंडाबाई मोठ्याने विव्हळल्या. “आई वं! भरनी! पाठ धरी लिधी!”

“ललिता! डॉक्टरला—”

“डॉक्टर नको! लाथ मार.”

“आई, मी पायाळू नाही. तूच आत्ता म्हणालीस!”

“मार म्हनस ना!” त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

भिकन मागे सरकला. आईला पाय लावायचा म्हणजे पाप. पायाळूला ते माफ असतं, पण तो पायाळू नव्हता. समोर आईची वाळकी पाठ होती आणि ती हटत नव्हती. शेवटी डोळे मिटून त्याने पाऊल उचललं आणि लुगड्यावर नुसतं टेकवलं. पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदा टेकवलं.

“गेली वं माय!” धोंडाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की सविताताईंच्या हातून रांगोळी सांडली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. “एका दमात गेली! असा पाय पाहिला नाय!”

मग त्यांनी वाकून ती कांद्याची गोणी एका हिसक्यात खांद्यावर घेतली आणि आत निघाल्या. भिकन बघतच राहिला. तो त्यांच्यामागे धावला.

“आई! तुला उसण भरलीच नव्हती!”

बाहेर ओट्याच्या पायरीवर कोणाची तरी काठी वाजली. पोस्टमास्तरांचा आवाज आला, “भिकनभाऊ, आहात का घरात?”

धोंडाबाईंनी गोणी खाली ठेवली आणि हात झटकले.

“तू बी कोठे पायाळू व्हता? व्हयनी फिट्टंफाट. जाय, तो बाहेर उभा शे कवासना.”